राऊ, स्वामी आणि अ. पा. क.

ऐतिहासिक कादंबरी हा एकच साहित्यप्रकार असा आहे, की ज्यात शेवटी काय होणार हे वाचकाला पुस्तक हातात घेण्यापूर्वीच ठाऊक असते. रहस्यकथेतला खुनी कोण हे शेजाऱ्याने आधी सांगितले, तर आपण त्या शेजाऱ्याशी आठ दिवस बोलत नाही. पण थोरले माधवराव पेशवे थेऊरला क्षयाने गेले, पानिपतावर आपला पराभव झाला, अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी कसा संपला, ही सगळी रहस्ये शाळेतल्या बाईंनी केव्हाच फोडून ठेवलेली असतात. नुसती फोडलेली नसतात, तर 'थोडक्यात उत्तरे लिहा' म्हणून त्यांवर चार-चार गुणही वाटलेले असतात. तरीसुद्धा कुठल्याही वाचनालयात जाऊन पाहा. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटातली पुस्तके सर्वांत जास्त फाटलेली. पुठ्ठे बदललेले, पाने चिकटपट्टीने जोडलेली, आणि मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकावर एक इतके, की एखाद्या किराणा दुकानदाराच्या चालू खात्याला हेवा वाटावा.

आता, माल ओळखीचा, शेवट ओळखीचा, जाडी अशी की झोपून वाचताना छातीवर दडपण यावे. मग गिऱ्हाईक हलते कशाने? माझे मत असे, की पहिल्या धक्क्याला ते नावाने हलते. सहाशे पानांचे श्रेय लेखकाने खुशाल घ्यावे. पण कपाटापुढे उभ्या असलेल्या माणसाचा हात ज्या पुस्तकाकडे जातो, तो सहाशे पाने वाचून जात नाही. कण्यावरची तीन-चार अक्षरे वाचून जातो.

साहित्यातले मला फार कळते असा माझा दावा नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमात ललित वाङ्मय म्हणून जे काही होते ते कंपन्यांच्या ताळेबंदात होते. पण नावे हा माझा धंदा आहे. गेली वीस वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांची नावे लिहितो, ताडून पाहतो आणि फरक असला की परत पाठवतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो : प्रत्येक माणसाला दोन नावे असतात. एक खात्यावरचे आणि एक घरातले. खात्यावर जो 'पुरुषोत्तम' असतो तो घरात 'बंड्या' असतो. सहा-सहा महिने पुरुषोत्तमरावांचे पासबुक भरताना मला काही वाटत नाही. पण एक दिवस त्यांची म्हातारी आई काठी टेकत येते आणि विचारते, "आमच्या बंड्याचे पैसे आले का हो?" झाले! त्या क्षणापासून तो खातेदार राहत नाही. त्याला लहानपणी गोवर आला असेल, तो गणितात नापास झाला असेल, असे काहीबाही मनात येऊ लागते.

इतिहासाचे पुस्तक खात्यावरचे नाव सांगते. बाजीराव बल्लाळ भट, जन्म १७००, मृत्यू १७४०. कादंबरी हळूच कानाशी येऊन म्हणते, 'राऊ'.

एवढाच फरक आहे, आणि या फरकावर मराठी ऐतिहासिक कादंबरीचा संसार चालला आहे असे मला वाटते. आपल्याकडची गाजलेली नावे आठवून पाहा : 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'राऊ', 'छावा'. यांतले एकही नाव म्हणजे नायकाचे दप्तरातले नाव नाही. कोणीतरी कोणाला तरी मारलेली ती हाक आहे. आणि आपल्या लोकांचा स्वभाव असा, की दुसऱ्याला मारलेल्या हाकेलाही आधी आपण 'ओ' देऊन मोकळे होतो.

हे सगळ्या जगात असेच असते असे मात्र नाही. ऐतिहासिक कादंबरीचा मूळपुरुष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो वॉल्टर स्कॉट अगदी उलट्या मताचा. १८१४ साली त्याने 'वेव्हर्ली' काढली आणि पहिल्याच प्रकरणात हे नाव का ठेवले याचा लांबलचक खुलासा केला. आमच्या ऑडिटरला आवडला असता इतका लांबलचक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वाचकाने आधीच ज्याला काही चिकटवून ठेवलेले नाही, असे कोरे नाव मला हवे होते. पुढे 'आयव्हॅन्हो'बद्दलही त्याने सांगितले, की या नावाला जुन्या इंग्रजीचा नाद आहे आणि गोष्ट काय आहे याचा त्यातून पत्ता लागत नाही, म्हणून ते मला बरे वाटले. कोरा चेक, फक्त सही केलेला! तीही नव्हती म्हणा. कारण 'वेव्हर्ली'वर स्कॉटने स्वतःचे नाव छापलेच नव्हते. नंतरच्या कादंबऱ्यांवर 'वेव्हर्लीचा कर्ता' एवढेच असे. या एका बाबतीत मात्र आपण त्याच्या वळणावर गेलो आहोत. रणजित देसाई हे 'स्वामी'कार आणि शिवाजी सावंत हे 'मृत्युंजय'कार. नायकाचे नाव पुस्तकाला द्यायचे नाही, पण पुस्तकाचे नाव लेखकाला द्यायचे, अशी आपली रीत.

आपल्याकडची सुरुवात माणसाच्या नावाने झालीच नाही. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, १८७१ सालची. तिला नाव किल्ल्याचे. त्यानंतर हरिभाऊ आपटे आले आणि त्यांनी नावांसाठी थेट आकाशाकडे पाहिले. 'उषःकाल', 'सूर्योदय', 'मध्यान्ह', 'सूर्यग्रहण' ही नावे ओळीने वाचली, की आपण कादंबऱ्यांची यादी वाचतो आहोत की भिंतीवरचे पंचांग, असा प्रश्न पडतो. पण त्यात मोठी खुबी होती. पुस्तके लिहिली जात होती तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. सूर्य उगवतो, डोक्यावर येतो, त्याला ग्रहण लागते. ग्रहण म्हटले की ते सुटतेही, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. या नावात राजद्रोह कुठे आहे हे कुठल्याही कलेक्टरला दाखवता आले नसते आणि वाचकाला मात्र दाखवावे लागले नसते.

याच हरिभाऊंचे 'गड आला, पण सिंह गेला' हे नाव तर शेवटच काय, तात्पर्यही पुठ्ठ्यावरच सांगून टाकते. कोंढाणा मिळणार आणि तानाजी जाणार, आता बोला! तरी लोक वाचायचे थांबले नाहीत. उलट नाव पुस्तकातून निघून घरोघर गेले. कोणाला बढती मिळून बदली गडचिरोलीला झाली, की आमच्या शाखेत आजही हेच वाक्य निघते. आणि नावाचा जोर केवढा पाहा. सिंहगड हे नाव तानाजीच्या पराक्रमामुळे पडले असे आपण सगळे मानतो. हे नाव १६७० च्या आधीच्या कागदपत्रांतही आढळते, असे संशोधक सांगत आले आहेत. सांगोत बापडे! एकीकडे कागदपत्र आणि दुसरीकडे चांगले नाव अशी लढाई लागली, तर कागदपत्राचा तानाजी होतो.

नाथमाधवांची तऱ्हा निराळी. स्वराज्यावर त्यांनी मालिकाच लिहिली. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याची घटना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट', 'स्वराज्यातील दुफळी'. ही नावे मी एकदा आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींना वाचून दाखवली. ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "आपल्या सोसायटीवर हे कोणी लिहिलं?" श्रीगणेशा झाला, स्थापना झाली, घटना नोंदवली, कारभार सुरू झाला, पाण्याच्या टाकीचे संकट आले आणि पार्किंगवरून दुफळी माजली. फरक एवढाच, की नाथमाधवांची मालिका संपली.

या नावांना एक शिस्त आहे, पण हाक नाही. फाइलवर लावायच्या चिठ्ठ्यांसारखी ती आहेत. हाक खऱ्या अर्थाने ऐकू आली ती १९६२ मध्ये, 'स्वामी'मुळे.

'स्वामी' हे नाव काय जादूचे आहे हे मला आमच्या मावशीमुळे कळले. मावशी अक्कलकोटची भक्त. वाचनालयाच्या यादीत तिला 'स्वामी' दिसले आणि तिने ते महाराजांचे चरित्र समजून आणले. सोवळ्यात वाचायला बसली म्हणतात. पहिली काही पाने झाल्यावर तिच्या लक्षात आलेच असणार, की यात महाराज नाहीत, शनिवारवाडा आहे. पण पुस्तक खाली ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले. मी विचारले, "काय गं मावशी, मिळाला का प्रसाद?" तर म्हणाली, "महाराज नव्हते रे. पण माणूस देवासारखाच होता. सत्ताविसाव्या वर्षी गेला." आणि पुन्हा पदर डोळ्याला.

फसवणूक झाली अशी तक्रार तिने केली नाही, कारण फसवणूक झालीच नव्हती. 'स्वामी' म्हणजे धनी, 'स्वामी' म्हणजे नवरा, 'स्वामी' म्हणजे विरक्त पुरुष. माधवराव पेशवे राज्याचे धनी होते, रमाबाईंचे पती होते, आणि ऐन तारुण्यात मृत्यू पुढे दिसत असताना कारभार ओढत राहिले. एका शब्दात तिन्ही खाती मिटली. रणजित देसायांनी 'थोरले माधवराव' असे नाव ठेवले असते, तर पुस्तक तेच राहिले असते, आणि मावशी ते घेऊन आली नसती. या पुस्तकाला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे दूरदर्शनवर मालिका झाली; पण मला मावशीचा पदर जास्त महत्त्वाचा वाटतो.

हे सगळे कौतुक मी घरी ऐकवत होतो, तर आमच्या सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, पण हाक मारतंय कोण?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"म्हणजे स्वामी कोणाचे? रमाबाईंचे ना? मग शब्द तिचा. पुस्तकाला शब्द तिचा घेतलात, आणि नाव मात्र तिच्या नवऱ्याचं झालं. बँकेत तुम्ही आमच्या फॉर्मवर पतीचं नाव विचारता, तसलंच हे."

मी टीकाकारांचे पुष्कळ लेख चाळले आहेत, पण 'स्वामी'वर इतकी नेमकी टीका माझ्या वाचनात आली नाही. पुस्तकभर जिच्या डोळ्यांतून आपण माधवरावांकडे पाहतो आणि जी शेवटी त्यांच्यामागे सती जाते, तिचा पुठ्ठ्यावर पत्ता नाही. आणि तरी पुठ्ठ्यावर जे छापले आहे ते तिच्याच ओठातले आहे. नावाचे सामर्थ्य म्हणा किंवा नावाने केलेला अन्याय म्हणा, दोन्ही तिथेच आहे. दुसरा एक अन्यायही होतो. एकदा 'स्वामी' म्हटले, की पुढे हिशेब विचारायची सोय राहत नाही. 'स्वामींनी अमुक मोहिमेत कर्ज किती काढले?' हा प्रश्न तोंडातून निघतच नाही. 'पेशव्यांनी किती काढले?' हा निघतो.

'श्रीमान योगी' (१९६८) या नावाचा उगम समर्थ रामदासांनी शिवाजी महाराजांना उद्देशून जे म्हटले आहे त्यात आहे. एक शब्द ऐश्वर्याचा, एक वैराग्याचा. दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत, आणि एका नावात सुखाने नांदतात. मध्यमवर्गीय वाचकाला हे नाव का आवडले ते मी सांगू शकतो. आमची आयुष्यभराची इच्छा नेमकी हीच असते : श्रीमंती असावी, पण तिचे आपल्याला काही वाटत नाही असे चारचौघांत दिसावे. या पुस्तकाला नरहर कुरुंदकरांची मोठी प्रस्तावना आहे आणि तिच्यात महाराजांच्या मोठेपणाविषयी भक्तीने नव्हे, तर बुद्धीने विचारलेले प्रश्न आहेत. नाव नमस्कार करायला लावते आणि प्रस्तावना विचार करायला. नाव सगळ्यांनी वाचले. प्रस्तावना वाचलेला वाचक मला आजवर एकच भेटला, आणि तो दवाखान्यात रांगेत बसला होता.

ना. सं. इनामदार हे नावांच्या बाबतीत फार धीट गृहस्थ. 'झेप', 'झुंज' ही त्यांची सुरुवातीची नावे. आकाशवाणीतली नोकरी, तिथे सेकंदाला किंमत, म्हणून दोन-दोन अक्षरांत काम उरकले असावे, असा माझा तर्क आहे. मराठी वर्णमालेत घोडदळ म्हणून एखादे अक्षर नेमायचे झाले, तर ते 'झ' नेमावे लागेल. झेप, झुंज, झडप, झंझावात : सगळे दौडतच येतात. पण गंमत अशी, की 'झेप' हे नाव ज्याच्यासाठी ठेवले तो त्रिंबकजी डेंगळे, आणि 'मंत्रावेगळा' म्हणजे दुसरा बाजीराव. शाळेच्या पुस्तकात या दोघांना मिळून दीड ओळ, आणि तीही चांगली नाही. ज्या माणसाच्या खात्यावर इतिहासाने 'व्यवहार थांबवा' असा शेरा मारून ठेवला आहे, त्याला इनामदार घरातल्या नावाने हाक मारतात. ब्रह्मावर्ताला जाऊन पेन्शन खाणारा पळपुटा बाजीराव हा कोणत्याच मंत्राने बांधला न जाणारा माणूस होता, असे निदान वाटून पाहायला ते नाव भाग पाडते. पटो न पटो, पाच मिनिटे आपण थांबतो. औरंगजेबावर लिहिलेल्या कादंबरीला तर त्यांनी सरळ 'शहेनशहा' म्हटले. शिवी नाही, विशेषण नाही, दरबारात उभा असलेला माणूस जे म्हणेल तेच.

त्यांचे सर्वांत खोल नाव माझ्या मते 'शिकस्त' (१९८३). मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे पराकाष्ठा करतो. हाच फारसी शब्द हिंदी-उर्दूत पराभवासाठी वापरतात. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मान्य केले नाही. कुंकू पुसले नाही, वाट पाहत राहिल्या. तिची ती वाट पाहण्याची पराकाष्ठा, आणि तोच तिचा पराभव. एका शब्दात दोन भाषा एकमेकींना उत्तर देतात. आमच्या सौभाग्यवतींच्या यादीत हे नाव पास झाले. "हे तिचं आहे," एवढेच म्हणाल्या.

'राऊ'ची गोष्ट वेगळी. या कादंबरीवर २०१५ मध्ये हिंदी चित्रपट आला तेव्हा त्याचे नाव झाले 'बाजीराव मस्तानी'. सरळ जॉइंट अकाउंट! मस्तानीवर अन्याय नको म्हणून हे चांगलेच झाले, हे मला मान्य आहे. पण दोन नावांत जे घडते ते 'राऊ'त घडत नव्हते. 'बाजीराव मस्तानी' म्हटले की आपण प्रेक्षक होतो, लांब उभे राहून जोडीकडे पाहतो. 'राऊ' म्हटले की त्या दोन अक्षरांत ती हाक मारणारी तीही असते, आणि ज्यांना तिचे तसे बोलणे खपत नव्हते ते घरही असते. बाकी जॉइंट खात्यावर आम्ही 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' असे लिहून घेतो. या खात्यात ते कलम उपयोगी पडले नाही. १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि मस्तानीही त्यांच्यामागून लवकरच गेली.

आता 'छावा'. इथे मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण या नावाचा मोह मला पुरता कळतो आणि म्हणूनच त्याची धास्तीही वाटते.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९७९ ची. नावात संभाजी नाही, राजा नाही. सिंहाचे पिल्लू आहे. पण पिल्लू म्हटल्याबरोबर सिंह दिसतो. पुठ्ठ्यावर वडिलांचे नावही नाही आणि वडिलांखेरीज दुसरे काही दिसतही नाही, ही करामत साधी नव्हे. शिवाय 'छावा' हे पौरुषाचे नाव असून लाडाचे आहे. आई म्हणेल, आजी म्हणेल. २०२५ मध्ये त्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा मराठी न येणाऱ्यांनीही हा शब्द जिभेवर घेतला, तो उगीच नाही.

पण गावाकडे ज्यांची वीतभर तरी जमीन आहे त्यांना सातबाऱ्यावरची 'अ. पा. क.' ही तीन अक्षरे माहीत असतील. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे जमीन पोराच्या नावावर, पण पोर लहान, म्हणून सांभाळणारा दुसरा. पुढे पोरगे मोठे होते, त्याला मिशा येतात, त्याची पोरे शाळेत जातात. पण तलाठ्याकडे अर्ज करून ती नोंद कोणी काढत नाही. कर्जाच्या कागदासाठी सातबारा आणलेला पन्नाशीचा बाप्या मी पाहिला आहे. डोक्यावर टक्कल आणि नावापुढे 'अ. पा. क.'!

संभाजी महाराजांचे तसेच झाले, असे मला 'छावा' हे नाव वाचताना नेहमी वाटते. १६५७ चा जन्म, १६८९ मध्ये औरंगजेबाच्या कैदेत मृत्यू. म्हणजे पुरती बत्तिशीही नाही. पण त्यात नऊ वर्षे स्वतःचे राज्य. वडील १६८० मध्ये गेलेले. मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्या एका वेळी उघडलेल्या. 'बुधभूषण'सारखा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर. आणि एवढे सगळे करून मराठी वाचकाच्या मनात नोंद काय? छावा. अज्ञान, पालनकर्ता थोरले महाराज. जो मरणापुढे उभा राहिला तो कोणाचा तरी मुलगा म्हणून उभा राहिला, असे नाव सुचवते. त्यांच्या चुका आपण माफ करतो त्या पोराच्या म्हणून, आणि पराक्रमाचे कौतुक करतो तेही पोराचे म्हणून. पदरात घेण्याची ही आपली रीत मायेची आहे, यात वाद नाही. तिच्यात राजाला राजा म्हणून जाब विचारणे राहून जाते, आणि राजा म्हणून मानही पुरता मिळत नाही.

विश्वास पाटलांनी २००५ मध्ये याच विषयावर कादंबरी लिहिली आणि नाव ठेवले 'संभाजी'. नुसते. कपाटातल्या हाकांच्या गर्दीत हे नाव कोरडे वाटते, आणि वाचकाचा हात त्याच्याकडे जरा सावकाश जातो, हे मी वाचनालयात उभा राहून पाहिले आहे. पण नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज कोणी दिला असेल तर तो या नावाने दिला. पुस्तके दोन्ही वाचावीत. नावापुरते विचाराल, तर प्रेम माझे 'छावा'वर आहे आणि मत 'संभाजी'ला.

याच पाटलांचे 'पानिपत' (१९८८) हे नावही तसे कोरडेच, भूगोलातले. पण ते वाचकाला उचलून घेते, कारण मराठीत पानिपत हा गाव राहिलेलाच नाही. मुलाचे गणितात पानिपत होते, लग्नाच्या बोलणीचे होते, आमच्या शाखेच्या ठेवींच्या उद्दिष्टाचे दर मार्चमध्ये होते. सव्वादोनशे वर्षे सगळ्या जातीजमातींनी मिळून वापरलेला शब्द लेखकाने फक्त परत मागून घेतला. असे नाव सुचत नाही, सापडते.

अलीकडे मात्र पुस्तकांच्या दुकानात गेले, की कपाटातून हाक ऐकू येत नाही, आरोळी ऐकू येते. 'रण'ने सुरू होणारी नावे, 'रुद्र'ने संपणारी नावे, मधे तलवार आणि मागे ढग. रणरुद्र, रणमर्द, रणकेसरी! ही तीन मी इथे बसल्या बसल्या बनवली. यांतले एखादे आधीच निघाले असल्यास योगायोग समजावा. यांतले कोणते नाव कोणत्या माणसाचे, हे ओळखता येत नाही. एकाचे पुठ्ठे काढून दुसऱ्याला चढवले तरी प्रकाशकाखेरीज कोणाला कळणार नाही. घरात कोणी कोणाला 'रणरुद्रा, जेवायला चल' म्हणत नाही, ही माझी साधी अडचण आहे.

आणि एक खासगी तक्रारही आहे. फडणीस म्हणजे दप्तर आणि हिशेब सांभाळणारा. आमच्याच धंद्यातला माणूस. नाना फडणविसांनी पंचवीसेक वर्षे पेशवाई जमाखर्चाच्या जोरावर उभी धरली; पण गाजलेले घरातले नाव त्यांच्या वाट्याला आले का? नाटक आले ते १९७२ चे, आणि त्यातही नाव लागले घाशीराम कोतवालाचे. साडेतीन शहाण्यांत नाना अर्धे, तेही तलवार चालवत नाहीत म्हणून! हिशेब ठेवणाऱ्याला अर्धा शहाणा म्हणणारा समाज त्याच्यावरच्या कादंबरीला काय नाव देणार?

आमच्या शाखेतल्या क्लिअरिंगच्या एका सहकाऱ्यांनी या साडेतिनांतल्या एका पूर्ण शहाण्यावर, सखारामबापू बोकिलांवर, कादंबरी लिहिली आहे. बापूंचा शेवट नानांच्या कैदेत झाला. विषयात काटा आहे. पाचशे चाळीस पाने, चेक लिहावा तशा स्वच्छ अक्षरात. गेले सहा महिने डबा खाताना नावावर खल चालू आहे. मी 'शिल्लक' सुचवले. ते म्हणाले, "साहेब, कादंबरी आहे, पासबुक नाही." 'मसलत' सुचवले, तर त्यांच्या मेहुण्याने ते वकिली वाटते म्हणून नापास केले. शेवटी प्रकाशकाने 'रणधुरंधर' कळवले आणि ह्यांनी होकार दिला. वास्तविक यांच्या पुस्तकात बापू तलवार उपसतात ती एकदाच, आणि तीही परत म्यानात ठेवतात.

परवा मुद्रितांचा गठ्ठा आणायला त्यांच्या घरी गेलो होतो. ते अजून यायचे होते. वहिनींनी चहा ठेवला आणि आतून मुलीला हाक मारून सांगितले, "अगं, बापू कपाटावर ठेवलाय बघ, काकांना दे."